न कमावलेली कृपा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आमच्या बायबल स्टडीत, उपासनेनंतर चहा पिताना, महिला मंडळात, कधी रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर येत असतात आणि त्यातले बरेचसे वर्षानुवर्षं चर्चमध्ये असलेल्या लोकांचेच असतात, नवीन लोकांचे कमी. मी पास्टर नाही, मंडळीतली एक बाई म्हणून जे वाचलंय आणि पाहिलंय त्यावरून लिहितेय. वचनांचे संदर्भ दिलेत ते स्वतः उघडून बघा.

कृपा म्हणजे नेमकं काय?

सरळ सांगायचं तर जे मिळण्याचा आपला काही हक्क नव्हता, ते देवाने आपण होऊन दिलं. पण मला व्याख्येपेक्षा मफीबोशेथची गोष्ट जास्त कामाची वाटते, २ शमुवेल ९ वा अध्याय. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला होता, डोंगरदऱ्यांतून त्याचा पाठलाग करत होता. मग शौल गेला, त्याचा मुलगा योनाथान, म्हणजे दावीदाचा जिवलग मित्र, तो पण लढाईत गेला, दावीद राजा झाला. त्या काळात नवा राजा आला की जुन्या घराण्यातलं कोणी शिल्लक ठेवायचं नाही, उद्या गादीवर हक्क सांगेल म्हणून. आणि दावीद विचारतो, शौलाच्या घरातलं कोणी उरलंय का, योनाथानासाठी मला त्याचं भलं करायचंय.

उरलेला असतो योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ. पाच वर्षांचा असताना दाई त्याला घेऊन घाईघाईने पळत होती तेव्हा तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला, आता लो-दबार नावाच्या गावात दुसऱ्याच्या घरात राहतोय. राजाचं बोलावणं आलं तेव्हा तो घाबरला असणारच, कारण दावीदाला त्याला आधी भिऊ नकोस असं सांगावं लागतं. तो स्वतःला मेलेलं कुत्रं म्हणवून घेतो. आणि राजा काय करतो, आजोबांची सगळी जमीन परत देतो, ती कसायला शौलाचा जुना नोकर सीबा आणि त्याची पंधरा मुलं आणि वीस नोकर लावून देतो, वर म्हणतो तू रोज माझ्याच पंक्तीला जेवायचं. यासाठी मफीबोशेथने काय केलं होतं? काही नाही. शब्द दिला होता दावीदाने योनाथानाला, आणि त्याचं फळ मिळालं याला. आपण प्रार्थनेच्या शेवटी "येशूच्या नावाने" म्हणतो ना, त्यात हेच आहे सगळं, फक्त म्हणून म्हणून सवय झालीय त्यामुळे लक्षात येत नाही. त्या अध्यायाचं शेवटचं वचन मला फार आवडतं, तो राजाच्या पंक्तीला जेवत असे आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. म्हणजे पाय काही बरे झाले नाहीत, पण पंक्तीतली जागा राहिली.

जुन्या करारात नियम आणि नव्या करारात कृपा, असं ना?

नाही, आणि हे इतक्यांदा ऐकायला मिळतं की वाईट वाटतं. निर्गम २० काढा. दहा आज्ञा सुरू होण्याआधी देव काय म्हणतो, मी तुम्हाला मिसरातून, गुलामगिरीतून बाहेर काढलं. आधी सुटका, मग आज्ञा. आधी नियम पाळून दाखवा मग सोडवतो असं कुठेच नाहीये. तांबडा समुद्र ओलांडून झाल्यावर सीनाय डोंगर येतो, जिथे आज्ञा मिळाल्या, हा क्रम लक्षात ठेवला तरी खूप गोष्टी जागेवर येतात.

मी दर रविवारी चर्चला जातो, दशांश (कमाईचा दहावा भाग) देतो, उपवास करतो, तरी सतत वाटतं की देव नाराज आहे. असं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि येतो तो बहुतेक वेळा मंडळीतल्या सगळ्यात मेहनती लोकांकडून. ज्यांनी वीस वीस वर्षं संडे स्कूल घेतलीय, क्वायर सांभाळलीय, अशी माणसं. मला वाटतं की आपण कृपेला किराणा दुकानातली उधारी समजतो, माल आधी उचलला, आता दर महिन्याला थोडं थोडं फेडायचं, आणि फेड कमी पडली की दुकानदाराच्या समोरून जाताना मान खाली. तारण, म्हणजे पापातून सुटका, फुकट मिळालं हे तोंडाने बोलतो, पण आतून सेवा, दान, उपवास हे सगळं हप्ते म्हणून चाललेलं असतं. रोमकरांस ४:४ मध्ये प्रेषित पौल हेच वेगळं करतो, की काम करणाऱ्याची मजुरी कृपा म्हणून धरत नाहीत, ती त्याची येणी असते. म्हणजे देवाकडून येणी वसूल करायची असतील तर कृपेचा विषयच संपला.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी नेहमी देते. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, परत आल्या, विधवांसाठी शाळा काढली, रात्रंदिवस काम. आणि नंतर स्वतःच्या साक्षीत त्यांनी सरळ लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाला समाधान नव्हतं. ते आलं तेव्हा आलं जेव्हा त्यांनी स्वतःला काही न ठेवता देवाच्या दयेवर सोडून दिलं. आणि त्यानंतर त्यांचं काम थांबलं का? उलट केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि बायका तिथे राहिल्या, आणि अगदी शेवटपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, १९२२ मध्ये गेल्या तोपर्यंत. म्हणून "कृपा म्हटलं की माणूस आळशी होतो" असं कोणी म्हणालं की मला पटत नाही. हप्ते भरणारा माणूस थकतो, कारण मुद्दल कधी संपतच नाही.

तुम्ही उपवास बंद करा असं मी सांगत नाहीये. फक्त एकदा शांत बसून विचारा की हा उपवास केला नाही तर देव माझ्याशी वेगळा वागेल असं मला वाटतंय का. उत्तर हो आलं तर आधी त्यावर प्रार्थना करा.

नवस बोलला तर चालतो का? आणि दशांश दिला की देव दसपट परत देतो म्हणतात, ते?

माउंट मेरीला मेणबत्ती लावणारे कितीतरी लोक निव्वळ प्रेमाने आणि आभार म्हणून लावतात, त्यात वाईट काही नाही. पण "तू हे कर, मग मी ते देतो" असा सौदा मनात असेल तर तो सौदा आहे, देवाचं नाव घातलं म्हणून तो प्रार्थना होत नाही.

दसपटवाल्यांबद्दल मी स्पष्ट बोलते. स्टेजवरून "एवढं बी पेरा, एवढं पीक घ्या" असं सांगून कर्जात बुडालेल्या माणसाच्या खिशातले शेवटचे पैसे काढून घेणं हे कृपेच्या अगदी उलट आहे. शोमरोनातल्या शिमोनाने पैसे देऊन पवित्र आत्म्याचं सामर्थ्य मागितलं तेव्हा येशूचा शिष्य पेत्र त्याला केवढा बोलला ते प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये वाचा. दान द्या, आनंदाने द्या, पण देव तुमच्याकडून पैसे घेऊन आशीर्वाद विकत नाही.

आयुष्यभर मजा करायची आणि मरताना पश्चात्ताप करायचा, त्यालाही तेच तारण? हा अन्याय नाही का?

अन्याय वाटतो हे खरं आहे, आणि येशूला माहीत होतं की वाटणार. म्हणूनच मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा दाखला. सकाळी सहाला आलेले मजूर, नऊला आलेले, बाराला, तीनला, आणि संध्याकाळी पाचला आलेले, म्हणजे काम संपायला तासभर असताना. सगळ्यांना एक एक दिनार. सकाळचे चिडतात, आम्ही दिवसभर उन्हात राबलो.

नाक्यावर उभं राहणाऱ्या मजुरांना हा दाखला आपल्यापेक्षा लवकर कळतो असं मला वाटतं. संध्याकाळी पाचपर्यंत जो उभा आहे तो मजा करत नव्हता, त्याला कोणी नेलंच नव्हतं, विचारल्यावर तो तेच सांगतो. बहुतेक म्हातारा असेल, किंवा अशक्त. आणि एक दिनार म्हणजे एका घराची एका दिवसाची चूल. मालकाने तासाच्या हिशोबाने दिलं असतं तर त्या घरात पोरं उपाशी झोपली असती. सकाळच्यांचं कमी काही केलं नाही, ठरलेलं पूर्ण दिलं. त्यांना दुखलं ते दुसऱ्याला मिळालं म्हणून.

आणि दुसरी गोष्ट, देवाबरोबर घालवलेली वर्षं ही "राबणं" वाटत असतील तर प्रश्न शेवटच्या माणसाचा नाहीये, तो आपला आहे. लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला मोठा भाऊ वडिलांना हेच म्हणतो, इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय. घरात राहून मुलगा स्वतःला चाकर समजत होता.

येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराला बाप्तिस्मा मिळाला नाही, दशांश द्यायला हात मोकळे नव्हते, एक वाक्य बोलला तेवढंच. त्याला घ्यायचं नसेल तर आपल्यालाही कुठल्या हिशोबाने घेणार?

कृपा मिळाली म्हणजे केलेल्या कर्माची फळं भोगावी लागत नाहीत का?

भोगावी लागतात, पुष्कळदा. त्याच चोराचं बघा, त्याला "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असं मिळालं पण वधस्तंभावरून खाली कोणी उतरवलं नाही, तो त्याच दिवशी मेला. दावीदाला नाथान संदेष्ट्याने सांगितलं की देवाने तुझं पाप दूर केलंय, पण त्याच्या घरातली भांडणं आणि रक्तपात पुढे चालूच राहिला. दोषी म्हणून देवापासून तोडलं जाणं, ते थांबतं. बाकी आयुष्यात जे मोडलंय त्यातलं काही दुरुस्त होतं काही होत नाही.

म्हणून कोणाचे पैसे खाल्ले असतील तर "प्रभूने मला माफ केलं" म्हणून विषय मिटवू नका, परत करा. जक्कय जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट देईन म्हटलं. पण बघा कधी म्हटलं, येशू त्याच्या घरी उतरल्यावर. चौपट दे मग जेवायला येतो असं येशू म्हणाला नव्हता.

मग हवं ते पाप करा, कृपा आहेच! असं होणार नाही का?

हा आक्षेप पौलाच्या वेळीच आला होता, रोमकरांस ६ ची सुरुवात त्यानेच होते. खरं तर तुम्ही कृपेबद्दल सांगितल्यावर समोरच्याने हा प्रश्न विचारलाच नाही तर मला शंका येते की नीट सांगितलं गेलंय की नाही.

डीट्रिश बॉनहॉफर नावाचे जर्मन पाळक होते, हिटलरच्या काळातले, त्यांनी १९३७ मध्ये "स्वस्त कृपा" हा शब्द वापरून फार कडक लिहिलं. पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिस्तीशिवाय बाप्तिस्मा, येशूच्या मागे न जाता त्याचं नाव. ते हे पुस्तकी म्हणून बोलत नव्हते, आजूबाजूची चर्चेस हिटलरपुढे मान डोलवत होती तेव्हा बोलत होते, आणि एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी दिली गेली. कृपा फुकट आहे पण स्वस्त नाही, कारण ज्याने दिली त्याला स्वतःचा पुत्र द्यावा लागला. तीताला २:११-१२ मध्ये तर म्हटलंय की कृपाच आपल्याला शिकवते, वाईटाला नाही म्हणायला. नुसती भीती असेल तर माणूस पकडलं जाणार नाही अशा जागी पाप करतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

कृपा मिळाली तर माणूस लगेच का बदलत नाही? चर्चमधले लोक तर तसेच आहेत.

काही लगेच बदलतात. पुष्कळ जण फार हळू. "अमेझिंग ग्रेस" हे गीत लिहिणारे जॉन न्यूटन गुलामांच्या जहाजांवर होते हे सगळ्यांना माहीत असतं, आणि वादळात देवाचा धावा केला आणि सगळं सोडलं अशी गोष्ट सांगितली जाते. ती तशी नाहीये. वादळ झालं मार्च १७४८ मध्ये. त्यानंतर ते गुलामांच्या जहाजाचे कॅप्टन झाले, होय, नंतर, आणि समुद्र सोडला १७५४ मध्ये तो तब्येतीमुळे. पाळक झाले १७६४ ला, ते गीत १७७३ च्या नवीन वर्षाच्या उपासनेसाठी लिहिलं, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघडपणे लिहिलं ते १७८८ मध्ये. म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी. तिथे त्यांनी आपला सहभाग लपवला नाही. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते गेले.

यातून "बघा, वेळ लागतो" एवढंच घेऊन गप्प बसू नका. त्या काळात त्यांच्या जहाजाच्या तळाशी साखळदंडात माणसं होती, त्यांच्यासाठी न्यूटनची ही हळूहळू होणारी वाढ काय कामाची. मला या गोष्टीने दोन्ही वाटतं, धीर पण येतो आणि भीती पण वाटते की आज मी प्रार्थना करत करत असं काय करतेय जे मला दिसत नाहीये.

"आम्ही अपात्र आहोत" हे सारखं म्हणायचं का? आमच्या आज्यापणज्यांना गावाने पिढ्यानपिढ्या हेच ऐकवलं.

हा प्रश्न एका तरुण मुलीने विचारला होता आणि तेव्हापासून मी प्रार्थनेतले शब्द जपून वापरते. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), जालना, मराठवाडा, इथली कितीतरी ख्रिस्ती घरं महार-मांग समाजातून आलेली, आणि त्यांना गावाने "तुमची लायकी काय" हे पाणवठ्यावर, देवळाच्या दारात, शाळेच्या व्हरांड्यात ऐकवलंय. त्या लेकरांना चर्चमध्ये आणून परत तेच ऐकवायचं असेल तर ती सुवार्ता कसली.

पण बायबल अपात्र म्हणतं तेव्हा कोणाला म्हणतं ते बघा, सगळ्यांना. रोमकरांस ३:२३, सर्वांनी पाप केलंय. यात पुजारी, पाटील, बिशप, साहेब कोणी सुटलेला नाही. गावाची जी "लायकी" होती ती काहींना होती आणि काहींना नव्हती, आणि ती जन्माने ठरायची. कृपा ती सगळी शिडीच काढून घेते. माणसाची किंमत तर उत्पत्ती १ मध्येच ठरली, देवाच्या प्रतिरूपाचा, आणि ती किंमत कोणी काढून घेऊ शकत नाही. कमवायचं नाही याचा अर्थ तुम्ही कवडीमोल आहात असा होत नाही. उलट जो तुमच्यासाठी मरायला तयार झाला त्याने तुमची किंमत केवढी धरली.

आणि हे फक्त खालच्यांना धीर म्हणून सांगून चालणार नाही. १ करिंथकरांस ४:७ मध्ये पौल विचारतो, तुझ्याजवळ असं काय आहे जे तुला मिळालेलं नाही? प्रभुभोजनाला एका प्याल्यातून घेणारे लोक सोयरीक जुळवताना "त्यांचे मूळचे कोण" हे विचारतात, अजून विचारतात, कॅथोलिक प्रोटेस्टंट दोन्हीकडे. स्वतःला कृपेने तारलेले म्हणवणाऱ्या घरात हा प्रश्न निघतो तेव्हा मला लाज वाटते. त्या दिवशी त्या घराने कृपा नाकारली असं मी मानते, मग भिंतीवर वचनाचं कॅलेंडर असो.

पण हे तर आपले संतही म्हणतात, पतितपावन. मग वेगळं काय?

खूप काही सारखं आहे आणि ते मान्य करायला घाबरायचं कारण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचे, आणि त्यांची भजनं आपण आजही गातो. माझं काही नाही, तूच उचलून घे, ही तळमळ त्यांना वारकऱ्यांकडून मिळाली. ख्रिस्ती श्रद्धेत ही कृपा एका ठरावीक ठिकाणी, यरुशलेमच्या बाहेर, पंतय पिलाताच्या कारकिर्दीत वधस्तंभावर दिली गेली, आणि एकदाच, असं आम्ही मानतो. मी हे वाद जिंकायला सांगत नाही, माझ्या विश्वासाचा पाया तो आहे म्हणून सांगते.

कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट यात भांडण याच्यावरूनच झालं ना?

मुख्य कारणांपैकी हे एक. ३१ ऑक्टोबर १५१७ पासून चर्चमध्ये सुधारणा मागणारा मार्टिन ल्यूथर, पुढे त्याला उत्तर देणारी कॅथोलिकांची ट्रेंटची परिषद, एकमेकांना शाप वगैरे. पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्गमध्ये कॅथोलिक चर्च आणि लुथरन मंडळ्यांच्या जागतिक संघाने एका संयुक्त जाहीरनाम्यावर सही केली, की आपल्या कुठल्याही पुण्याईवर नाही तर फक्त कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो. २००६ मध्ये मेथॉडिस्टही त्यात आले. मतभेद उरलेत, पण वसईतल्या कॅथोलिक चुलत भावाला "तुम्ही लोक कर्माने तारण मानता" असं म्हणण्याआधी हे माहीत असू द्या.

नवरा मारतो. मंडळीतले म्हणतात, देवाने तुला कृपेने माफ केलं, तू त्याला माफ कर आणि नांद. काय करू?

ताई, आधी सुरक्षित जागी जा. महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, त्यात संरक्षण आणि राहायची जागा दोन्ही मागता येतं. हे केल्याने तुमचा विश्वास कमी होत नाही.

मत्तय १८ मधल्या निर्दय चाकराचा दाखला बायकांना गप्प करायला वापरतात. त्या चाकराला दहा हजार टॅलंट माफ झाले होते, एक टॅलंट म्हणजे साधारण सहा हजार दिवसांची मजुरी, म्हणजे दीड लाखाहून जास्त वर्षं राबलं तरी फिटणार नाही एवढं. आणि त्याने शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरला. गळा धरणारा कोण आहे ते बघा, आणि राजा कोणाच्या बाजूने उभा राहतो तेही बघा. मनात सूड न धरणं ही क्षमा, त्याला वेळ लागू दे. रोज मार खायला परत जाणं हे क्षमेत येत नाही, आणि नवऱ्याला थांबवणं हे त्याच्यासाठीही चांगलंच आहे. माफ कर आणि नांद असं सांगणारे पाळक असतील तर दुसऱ्या पाळकांशी बोला, समजूतदार लोक आहेत.

मला प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. कृपा माझ्यापर्यंत आलीच नसेल का?

जाणवणं आणि असणं वेगळं. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. झोप लागत नसेल, महिनोनमहिने कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरलाही दाखवा, डिप्रेशन हा आजार आहे आणि औषध घेणं म्हणजे अविश्वास नाही.

मला ही कृपा हवी आहे. काय करायचं, आणि वाचायला कुठून सुरुवात करू?

लूक १८ मधल्या जकातदाराची प्रार्थना पुरे आहे, हे देवा, मज पाप्यावर दया कर. ठरावीक शब्द, ठरावीक जागा काही लागत नाही. त्यानंतर जवळच्या मंडळीत जा, बाप्तिस्म्याबद्दल तिथल्या पाळकांशी किंवा फादरांशी बोला.

वाचायला लूक १५, मग इफिसकरांस २, मग रोमकरांस ३ ते ८ सावकाश. नियमांच्या ओझ्याने दमला असाल तर आधी गलतीकरांस. आणि फिलेमोनाला पत्र नक्की वाचा, पंचवीस वचनं आहेत फक्त, पळून गेलेल्या अनेसिम नावाच्या दासासाठी पौल त्याच्या मालकाला लिहितो की त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड. शक्यतो कोणाबरोबर तरी वाचा, घरातलं कोणी किंवा मंडळीतलं, आणि जिथे अडेल तिथे विचारा.